कोपऱ्याचा गाळा

सुलतानपूर
४ डिसेंबर २०२३

अर्पिता,

आशीर्वाद आहेतच, ते मी भांडणात धरत नाही.

फोन सोडून आई कागदावर का आली, असं वाटलं असेल तुला. तुझे बाबा मला फोन स्पीकरवर लावायला लावतात. आपण दोघी बोलायला लागलो की समोर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसतात आणि मध्येच म्हणतात, "इचार तिले, पुण्यात सोताचं घर झालं काय?" मग तू फोन ठेवतेस, आणि मी बंद फोन कानाला लावून "हो, हो, जेवलीस का" करत राहते. कागदाला स्पीकर नसतो. शिवाय जानेफळच्या शाळेत माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं. माहेरून आणलेलं तेवढंच शिल्लक आहे, म्हटलं वापरून घ्यावं.

दिवाळीच्या पाडव्याला वास्तू झाली. तू आली नाहीस, कुरिअरने साडी आली. राखाडी. वास्तूला राखाडी साडी कोणी नेसतं का? मी नेसले. जो तो विचारत होता, नकाशा काढणारी पोरगीच कशी नाही? मी सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगितलं. तुझे बाबा मात्र पाहुण्यांना घर दाखवताना सांगत होते की नकाशा त्यांच्या डोक्यातच होता, पोरीने फक्त कागदावर रेघा मारल्या. भाऊरावकाका मान डोलवत होते. ते जेवायच्या आधी सगळ्यालाच मान डोलवतात.

घर कसं झालंय ते सांगते, तुझा तेवढा हक्क आहे. जागा तुला पाठ आहे. पुढे हायवे, मागे नाला, नाल्यापलीकडे आपलं मळ्यातलं जुनं घर आणि त्याच्या पाठीमागे फॉरेस्टची टेकडी. मध्ये आपली लांबट पट्टी. तू घराची पाठ रस्त्याला केली होतीस. रस्त्याच्या बाजूला बिनखिडकीची उंच भिंत, तिच्यावर वेल, आणि दार, ओसरी, मोठ्या खिडक्या सगळ्या नाल्याकडे. तो कागद पाहून तुझ्या बाबांना घाम फुटला होता. "हायवेले पाठ? मंग लोकाईले काय दिसन, घर का गोठा?"

त्यावरून तुम्ही बापलेक वर्षभर भांडलात. जोत्यापर्यंत काम तुझ्या मापाने आलं. पुढचं समजावून द्यायला तू मे महिन्यात येणार होतीस, आणि त्यांनी अक्षय्य तृतीयेलाच चौकट उभी करून टाकली, रस्त्याकडे तोंड करून. एकदा चौकटीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला की ती हलवत नाहीत, घराला बाधतं. तुझ्या कॉलेजात हे शिकवलं नसेल. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ससा तुझ्या बाबांच्या हाती होता.

आता त्या चौकटीच्या एका अंगाला दोन गाळे आणि दुसऱ्या अंगाला एक. लोखंडी शटर, निळा रंग. घराचं दार म्हणजे शटरांमधला एक बोळ उरलाय. बोळातून आत या, बैठकीतून पुढे जा, मग देवघर, मग खोल्या आणि सगळ्यात शेवटी, नाल्याला टेकून, माझं स्वयंपाकघर. ओटा मात्र तुझ्या मापाचा आहे. टेप घेऊन माझ्या कोपरापर्यंतची उंची मोजली होतीस ना, तेवढाच बरोबर केलाय तुळशीराम मिस्त्रीने. पाठ दुखत नाही.

राखाडी साडी धुऊन ठेवली आहे.

आई


२९ डिसेंबर २०२३

अर्पिता,

तुझं पत्र पोचलं. दोन पानं, त्यातलं दीड पान बाबांवर. उरलेल्या अर्ध्या पानात मला एकच प्रश्न: आई, तू त्या पूजेला बसलीसच का?

तुला वाटतं मी बसले नसते तर चौकट उभी राहिली नसती. वेडी आहेस. भाऊरावकाकांकडे सत्यनारायण होता तेव्हा काकू अकोल्याला लेकीच्या बाळंतपणात अडकली होती. गुरुजींनी काकांच्या कमरेला एक सुपारी खोचायला लावली, बायकोच्या जागी, आणि पूजा यथासांग पार पडली. शिऱ्याच्या चवीतही कोणाला फरक कळला नाही. पूजेत बायकोचं काम तरी काय असतं? नवऱ्याच्या हाताला हात लावायचा. सुपारी तेवढं करतेच.

तेव्हा मी बसले ती नाइलाजाने बसले नाही. मी मनापासून बसले. मला घराचं तोंड रस्त्याकडेच हवं होतं.

हे वाचून तू चष्मा काढून पुसशील, मला माहीत आहे. तुझ्या नकाशावर तू नाल्याच्या बाजूला लिहिलं होतंस, "आईची ओसरी". बाजूला दोन झाडं आणि एक मोर काढला होतास. मोर छान काढलास. पण बाई, लग्न झाल्यापासून वास्तू होईपर्यंत मी त्या मोरांच्या शेजारी राहिले आहे. भुईमूग उगवला की दाणे उकरून खातात ते. गावातलं घर जावांचं, मळ्यातलं आमचं. विहिरीवर कोणीतरी राहायला हवं होतं, म्हणून नवी सून तिकडे पाठवली. तुझे बाबा बाजाराला, सोसायटीत, पारावर, सगळीकडे जायचे. मी कुठे जाणार? माणसाचं तोंड दिसावं म्हणून मी पाण्याची पाळी नसली तरी बांधावर जाऊन उभी राहायची. तिकडून कोणी जायचं नाही. रोह्यांचे कळप जायचे.

आणि नाला. तुला आठवतो तो तू कागदाच्या होड्या सोडायचीस तो. मला वेगळा आठवतो. तुझी जानेफळची आजी गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मामाने माणूस पाठवला, तो संध्याकाळी गावात पोचला. नाल्याला पूर होता. गावातले म्हणाले, आता कसं सांगणार, सकाळी सांगू. मी त्या संध्याकाळी तुला मांडीवर घेऊन गाणं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, निरोप आला, मी निघाले. जानेफळला पोचले तेव्हा राख सावडायची तयारी चालली होती. आईचं तोंड मला दिसलं नाही, आणि तो राग अजून माझ्या पोटात तसाच आहे. तो नाल्यावरही आहे आणि "सकाळी सांगू" म्हणणाऱ्यांवरही आहे.

तो नाला, तो मळा, ती टेकडी मी उरलेलं आयुष्य ओसरीत बसून बघत राहायची, असा तुझा नकाशा होता. तुझं बालपण तिकडे आहे, हे मला समजतं. तू तुझ्यासाठी ओसरी काढलीस आणि नाव माझं लिहिलंस.

मला काय हवं होतं ते आता सांगते, तेव्हा कोणी विचारलं नाही. पुढे एक ओटा. त्यावर बसून येणारी-जाणारी माणसं दिसावीत. मेहकरहून लोणारला जाणारी गाडी आपल्या समोरच थांबते. तिच्यात कधी जानेफळचं माणूस असतं, खिडकीतून हात करतं. एवढंच. तुझ्या बाबांनी चौकट रस्त्याकडे केली तेव्हा मला वाटलं, ओटा आपोआपच होईल. ओट्याच्या जागी शटरं आली. म्हणजे तू हरलीस तशी मीही हरले, फक्त मला कोणी भांडलेली समजत नाही.

तुम्ही दोघं घराच्या तोंडावरून भांडत होतात. स्वयंपाकघर मागे, यावर तुमचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. तू माझं कोपर मोजलंस पोरी, पण मला कुठे बघायला आवडतं ते विचारलं नाहीस.

आई


११ फेब्रुवारी २०२४

अर्पिता,

तू लिहितेस, "आई, तू बाबांना पाठीशी घालते आहेस. तुझ्याकडून हे कोण वदवून घेतंय ते मला कळतं."

पत्र वाचून मी चुलीत घालणार होते, पण आता घरात चूल नाही. तुझ्याच नकाशात नव्हती. माझ्याकडून कोणी वदवून घेतलं असतं तर मी एवढं बरं लिहिलं असतं का? बायकोला स्वतःचं काही हवं असू शकतं, हे तुझ्या बाबांना सुचत नाही ते मी समजू शकते, त्यांना गावाने तसंच घडवलंय. तुला मी घडवलं. हॉस्टेलात पाठवायला मी सासूशी भांडले होते. आणि तुलाही वाटतं की आई बोलते ते बाबांचंच बोलणं.

बरं. आता इथली बातमी.

दोन गाळे गेले. एकात मोबाइलवाला, एकात खतं-बियाणं. तिसरा, कोपऱ्याचा, कोणी घेईना. लोणारची गाडी बरोबर त्याच्याच तोंडाशी थांबते, गिऱ्हाइकाला मोटारसायकल लावायला जागा उरत नाही. तुझे बाबा रोज त्या शटरकडे बघून उसासे टाकायचे. संक्रांतीनंतर एका सकाळी मी ते शटर उचललं. जड असतं, पण पहिल्या हिसक्यालाच वर गेलं. आत बाज टाकली, मळ्यातली, सुंभाची. वर गोधडी. पाण्याचा माठ ठेवला आणि बसले.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं मी झाडायला आलेय. दुसऱ्या दिवशी तानूबाई थांबली. ती मळ्यांवरून मेथी-सांभाराच्या जुड्या आणून बाजारात विकते, तू तिला ओळखत नाहीस. डोक्यावरची पाटी उतरवून पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, तुमी इथं बसत जा. आमाले बी टेकाले जागा झाली." मग शाळेच्या मुली गाडीची वाट बघत सावलीला यायला लागल्या. जानेफळची एक बाई उतरली, तिने मला नावाने ओळखलं, सासरच्या नव्हे, माहेरच्या. कितीतरी वर्षांनी ते नाव ऐकलं. मी तिच्या देखतच रडले, लाजले नाही.

तुझे बाबा चौथ्या-पाचव्या दिवशी आले. बोळातून नाही, बाहेरून, गिऱ्हाइकासारखे समोर उभे राहिले.

"काऊन बसली वं इथं? लोक काय म्हणतीन, रंगरावची बायको दुकानात बाज टाकून बसते?"

मी म्हटलं, दुकान रिकामं आहे.

"रिकामं असलं तं काय झालं? भाड्यासाठी बांधलं हाय. तुले बसाले मागं एवढी मोठी जागा देल्ली."

मी म्हटलं, मागे मी बसून झाले. तेवढ्यात गाडी आली, ड्रायव्हरने मला हात केला आणि तुझ्या बाबांना बाजूला व्हायला हॉर्न दिला. ते बाजूला झाले. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. जेवायच्या वेळी मात्र ताट सरकवून म्हणतात, "शेठाणीले येळ भेटला वाटते." म्हणोत बापडे. मी सकाळचा स्वयंपाक उरकते, शटर उचलते, धूळ खाते, हॉर्न ऐकते आणि मला बरं वाटतं. संध्याकाळी नाक काळं होतं. मळ्यात नाक स्वच्छ होतं आणि मी कुजत होते.

तू येऊन बघ, असं लिहिणार होते. पण तू म्हणशील बाबांनी बसवलंय.

आई


२० एप्रिल २०२४

अर्पिता,

हे पत्र तुझ्या बाबांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. पहिल्यांदाच. तेव्हा नीट वाच, कारण यावेळी खरंच माझ्याकडून वदवून घेतलंय.

रस्ता रुंद होणार आहे. मोजणीची माणसं आली होती. त्यांनी गाळ्यांच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारली. दोन गाळे पूर्ण जातात, बोळ आणि चौकट जाते, कोपऱ्याचा माझा गाळा तिरका असल्यामुळे अर्धा वाचतो. फुली मारणारा मुलगा माझ्याजवळ पाणी प्यायला आणि मग माझ्याच भिंतीवर रंग लावून गेला. त्याचा काय दोष!

तुझे बाबा दोन दिवस त्या फुलीसमोर फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी मागे जाऊन नाल्याकडे तोंड करून उभे राहिले. परत आले तेव्हा वेगळेच होते. म्हणाले, "मागं किती गार हवा हाय वं. आपल्या ध्यानातच आलं नाही." जन्मभर ज्यांनी टेकडीकडे पावसाचा अंदाज घेण्यापलीकडे पाहिलं नाही, त्यांना मोर दिसायला लागले. मग म्हणाले, "तिले लिव्ह. म्हणा, नकाशा घिऊन ये. तुह्याच मनासारखं करू."

मी विचारलं, चौकट हलवत नाहीत ना? तर गुरुजींना विचारून झालं होतं. नवी पूजा केली की हलते म्हणे. रस्त्यासाठी देवाचेही नियम रुंद होतात, हे मला या वयात कळलं.

तू जिंकलीस. रस्त्याकडे उंच भिंत येणार, बिनखिडकीची, आणि घर नाल्याकडे तोंड करणार. त्यांचा निरोप इथे संपला. आता माझा.

भिंत कोपऱ्याच्या गाळ्यापर्यंत येऊन थांबव. त्याचा उरलेला अर्धा भाग मला ठेव. शटर नको, ओटा कर, वर पत्रा टाक, आणि घरातून तिकडे यायला एक दार ठेव. एवढंच मागते. तू नकाशे काढतेस, तुझ्यासाठी ही एक रेघ आहे.

ये. बापाशी बोल, त्याचं मला वाईट वाटणार नाही. पण आधी गाळ्यात येऊन माझ्याजवळ बस. लोणारची गाडी येईपर्यंत तरी.

आई


९ जून २०२४

अर्पिता,

तू येऊन गेलीस. कारने मागच्या कच्च्या रस्त्याने आलीस, पुढचा उकरला होता म्हणून. मी गाळ्यात बसून तुझी वाट बघत होते. सकाळपासून माठ दोनदा भरला. तानूबाईलाही थांबवून घेतलं होतं, म्हटलं पोरगी येते, बघून जा. मग आतून तुझा आवाज आला. तू मागे बाबांबरोबर उभी होतीस.

मी चहा करायला आत आले तेव्हा नकाशा ओट्यावर पसरला होता. तुझ्या मापाच्या ओट्यावर. एका कोपऱ्यावर तुझा फोन, दुसऱ्यावर अडकित्ता, उडू नये म्हणून. बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मला आनंद झाला, तो नाकारत नाही. बापलेकीला एकत्र बघायला मी वर्षभर तळमळले. तुझे डोळे भरले होते. त्यांचेही. मी चहा ठेवायला जागा शोधत राहिले.

नकाशात मी माझी रेघ शोधली. नव्हती. भिंत सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मागे, नाल्यावर, "आईची ओसरी". या वेळी झोपाळाही काढला होतास.

मी बोलले. माझ्या बोलण्याची आठवण तुम्हाला राहिली नसेल, म्हणून लिहून ठेवते. मी म्हटलं, "मले रस्ता पाह्यजे." तुझ्यासमोर मी कधी अशी बोलत नाही. तू लहान असताना तुझी भाषा पुण्यात हसण्यासारखी होऊ नये म्हणून जपून बोलायची सवय लागली. त्या दिवशी पोटातलं आलं ते तसंच आलं.

तू माझा हात धरलास. म्हणालीस, "आई, तिथे धूळ आहे, ट्रक आहेत. तू आयुष्यभर खपलीस. आता तुला शांतता मिळावी म्हणून तर मी हे सगळं करतेय."

आणि तुझे बाबा म्हणाले, "तुह्या मायचं मनावर घेऊ नोको. तिले शेठाणी व्हायाचं हाय."

तू हसलीस. ते हसले. तुम्ही दोघं दोन वर्षांनी एकत्र हसलात. ज्या गोष्टीवर हसलात ती मी होते.

मला तुझा राग आला आहे, अर्पिता. बाबांचा नाही, त्यांच्याकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. तुझ्याकडे मागितलं, लिहून मागितलं. तू वाचलंस आणि तुला वाटलं, आईला कळत नाही. मला शांतता नको. शांतता मी खूप खाल्ली, अजीर्ण झालं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. तुमचं भांडण होतं तोवर मला एक गाळा तरी होता. समेट झाला आणि गाळा गेला.

जाताना तू गाळ्यात डोकावलीस. "अगं, इथे बसतेस तू?" म्हणालीस आणि बाजेचा फोटो काढलास. बसली नाहीस.

आई


१८ नोव्हेंबर २०२४

अर्पिता,

बाबांनी तुला फोनवर सगळं सांगितलं असेल, आता तुमचं रोज बोलणं होतं. काय सांगितलं नसेल ते मी लिहिते.

दिवाळीआधी पुढचं सगळं पाडलं. मोबाइलवाला आणि खतवाला आपापलं सामान घेऊन गेले. माझ्या गाळ्याचं शटर गेलं, अर्धा स्लॅब राहिला. खाली बाज मावते, माठ मावतो. मी सकाळी येऊन बसत राहिले. आता रस्ता इतका जवळ आलाय की गाडीतल्या बाईच्या कपाळावरचं कुंकूही दिसतं.

तुळशीराम मिस्त्रीने त्या टोकाकडून भिंत चढवत आणली. माझ्यापाशी आला आणि थापी हातात घेऊन थांबला. मी म्हटलं, मी उठले की बांध. तो म्हणाला, "कवा उठता, काकू?" मी म्हटलं, सांगते. तुझे बाबा आले, भाऊरावकाकांना घेऊन आले, गुरुजींनाही आणलं. सगळे समोर उभे राहून समजावून गेले. समोर म्हणजे रस्त्यावर, त्यामुळे ट्रक आला की एकेकाला बाजूला व्हावं लागायचं आणि बोलणं तुटायचं. मला हसू येत होतं. शेवटी मिस्त्रीने भिंत माझ्या मागून नेली. म्हणजे आता मी घराच्या बाहेर आहे, पाठीला तुझी बिनखिडकीची भिंत. तिच्यावर वेल लावायला मिस्त्रीने खड्डाही केलाय. भिंतीचा मला उपयोग होतो, टेकायला.

नव्या चौकटीची पूजा दिवाळीतच झाली. मागे, नाल्याकडे. तुझे बाबा सोवळं नेसून बोलवायला आले होते. सरळ बोलायचं त्यांना जमलं नाही. म्हणाले, "गुरुजी थांबले हायेत." मी म्हटलं, एकदा बसले तुमच्या शेजारी चौकटीच्या पूजेला, तेव्हा ओटा मिळेल वाटलं होतं. आता कशाला बसू? मला वाटलं, आता तरी विचारतील, तुला काय पाहिजे. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण आतून गुरुजींनी आवाज दिला की मुहूर्त टळतोय, हरकत नाही, कमरेला सुपारी लावा.

ते गेले. कनवटीला त्यांच्या सुपारी असतेच.

पूजा यथासांग झाली, तू व्हिडिओवर पाहिलीच असशील. त्या दिवसापासून मी रात्रीही इथेच झोपते. तानूबाई येताना भाकरी आणते, मी तिच्या मेथीच्या जुड्या बांधून देते. फुकट खात नाही. लोक काय म्हणतात ते मला ऐकू येतं, कारण ते माझ्यासमोरूनच जातात. काही हसतात. काही बायका थांबतात, थोडा वेळ बसतात आणि घरी गेल्यावर काय होईल याचा विचार करत उठतात.

पुढच्या महिन्यात वास्तू आहे, तू येणार आहेस असं कळलं. ये. राखाडी साडी तुझ्यासाठी काढून ठेवलीय, आता तूच नेस. घर छान झालंय म्हणतात. ओसरीत झोपाळा टांगलाय आणि टेकडी समोर दिसते. मोर येतात. बस तिथे, तुझीच जागा आहे ती.

मला भेटायचं असेल तर घरातून वाट नाही. तुझ्याच नकाशात नाही. बाहेर पडून, वळसा घालून, रस्त्याने यावं लागेल. नाहीतर सरळ मेहकरहून लोणारच्या गाडीत बस. कंडक्टरला रंगरावांचं घर विचारू नकोस, ते आता रस्त्यावरून दिसत नाही. सरस्वतीबाईची बाज म्हण, तो बरोबर उतरवून देतो.

पण आधी मागे जाऊन ये. नव्या सुनेसारखी नवी आई आलीय घरात, बाबांच्या कमरेला असते. तिच्या पाया पड, तिचा मान मोठा, तिला कुठे बघायला आवडतं ते विचारावं लागत नाही. मग माझ्याकडे ये. मी इथेच असेन, उठणार नाही.

आई